बरं बरं, तू तुझं बघ

दुपारी पावणेदोनला, दोन पेशंटांच्या मधल्या सात मिनिटांत, तिने रोजच्यासारखा आईला फोन केला आणि सांगितलं, "आई, सकाळी मला जिन्यात चक्कर आली. दहा मिनिटं पायरीवर बसून होते." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग आईचा आवाज आला, नेहमीसारखा उबदार, किंचित घाईतला. "हो का? बरं बरं. कामं काय, असायचीच. तू तुझं बघ. ठेवू?" आणि आईने फोन ठेवला.

ती बोळात उभी राहिली. एका बाजूला तिची तपासणीची आवाजबंद खोली, दुसऱ्या बाजूला बसायची जागा, तिथे सात माणसं. हातात फोन अजून उबदार होता. आधी जे वाटलं ते साधं होतं, लहान मुलाला वाटावं तसं: पडले, तर आई बघायलासुद्धा आली नाही. पन्नाशीला टेकलेल्या बाईला असं वाटावं याची तिला लाज वाटली आणि लाज वाटूनही ते जाईना. चक्कर आल्याचं तिने आईखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने त्याच्या ऑफिसातल्या दोघांना आलेल्या चकरांची गोष्ट सांगितली असती. गेली काही वर्षं त्यांच्या घरात जेवताना असंच चालायचं. ती म्हणायची, "आज चौदा पेशंट होते, पाणी प्यायला उठले नाही." तो म्हणायचा, "पाणी तरी समोर होतं ना तुझ्या? मी साईटवर होतो." मग ती तिच्या बाजूने आणखी एखादं वजन टाकायची, तो त्याच्या. कोण जास्त दमलं हे काही ठरायचं नाही. ताटं मात्र तोवर रिकामी झालेली असायची, आणि काय खाल्लं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

लोक तिला कानवाल्या बाई म्हणत. ऐकू कमी येणाऱ्यांचे कान तपासायचे, किती कमी येतं ते कागदावर मांडायचं, मग यंत्र बसवून द्यायचं, हे तिचं काम. बावीस वर्षं ती ते करत होती. बसायच्या जागेतलं बोलणं बोळातून तिच्या कानावर पडायचं, आणि ते नेहमी एकाच ठिकाणाहून सुरू व्हायचं. "काय, कसं काय?" "काही विचारू नका, नुसती धावपळ." "आमच्याकडे तर श्वास घ्यायला उसंत नाही." निवृत्त होऊन दहा वर्षं झालेले एक गृहस्थ होते, दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचे मजले मोजणारे. तेही म्हणायचे, "सध्या जरा गडबड चालू आहे." एकदा तिने हसून विचारलं होतं, "कसली हो गडबड?" गृहस्थ गोंधळले. असा प्रश्न कुणी विचारत नसतं. त्यांनी इतकं दुखावल्यासारखं बघितलं की तिने पुन्हा कुणाला विचारलं नाही. तेव्हा तिला वाटलं होतं की माणसं हे दमल्यामुळे बोलत नाहीत. अजून आपली कुणाला तरी गरज आहे, एवढंच त्यांना कळवायचं असतं. मग तिने घड्याळ बघितलं होतं आणि पुढच्याला आत बोलावलं होतं.

आता बोळात उभं असताना दुखावलेपणाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं. कामाची सवय असलेला तिचा कान. आईच्या त्या उत्तराआधीचा थांबा. तो तिच्या ओळखीचा होता. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना ती नेहमी सांगायची, ज्याला ऐकू येत नाही तो गप्प बसत नाही, उलट बोलतो. त्याच्या खिशात पाचसहा वाक्यं असतात, कुठेही चालणारी. "हो का?" "काय सांगतेस." "चालायचंच." "बरं बरं." समोरचा थांबला की तो थोडा थांबतो, समोरच्याचा सूर चढा आहे का उतरता एवढं बघतो, आणि त्यातलं एक काढून देतो. दहात नऊ वेळा ते खपून जातं. मुली हसायच्या. ती म्हणायची, हसू नका, फार हुशारीचं काम आहे ते, दिवसभर करून बघा, संध्याकाळी डोकं दुखेल.

तिने आईची गेल्या आठवड्यातली वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. मग महिन्यातली. बरं बरं. तू तुझं बघ. दमू नकोस. कामं असायचीच. ठेवू? हीच होती, आलटून पालटून. याखेरीज आईने फोनवर काही म्हटल्याचं तिला आठवेना.

पण आईचे कान तिने स्वतः तपासले होते, दर वर्षी, गेली तीन वर्षं. ती आत गेली, कपाटातून आईची फाईल काढली आणि टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी मांडले. तपासणी तशी सोपी असते. पेशंट आवाजबंद खोलीत हेडफोन घालून बसतो, हातात एक बटण. काचेपलीकडून ती एकेक स्वर सोडते, जाड, मग बारीक, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. ऐकू आला की बटण दाबायचं. जिथे दाबणं थांबलं तिथे कागदावर खूण करायची, उजव्या कानाची लाल, डाव्याची निळी. खुणा जोडल्या की रेघ होते. सत्तरीच्या माणसाची रेघ बारीक स्वरांकडे जाताना उतरते, उतार असावा तशी. आईची तिन्ही वर्षांची रेघ जवळजवळ सपाट होती. तिने दर वर्षी ती पाहून म्हटलं होतं, "आई, तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." आणि आईने दर वर्षी तिच्या ओठांकडे बघत हसून मान डोलावली होती.

तिसाव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत मोज्यांच्या कारखान्याच्या गोंगाटात उभी राहिलेली बाई, आणि सपाट रेघ. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर तिने तपासणी पुन्हा करायला लावली असती.

ती खुर्चीत बसली. बोट टेबलावर ठेवलं आणि नकळत ठेका धरला. स्वर, एक-दोन-तीन, स्वर, एक-दोन-तीन, स्वर. कामाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात की असं कधीही करायचं नाही. दोन स्वरांमधलं अंतर सारखं बदलायचं, कधी दोन क्षण, कधी दहा. नाहीतर पेशंट ऐकायचं सोडून मोजायला लागतो. आणि पेशंटला तुमच्याकडे तोंड करून बसवायचं नाही, हाताची हालचाल दिसते. आईला तिने समोरच बसवलं होतं. आईच आहे, चेहरा दिसू दे. आणि तिन्ही वेळा जेवणाच्या सुट्टीत. "आई, पटकन उरकून टाकू हं, बाहेर माणसं थांबलीत." घाईतला हात ठेक्यात पडतोच. तिला काचेपलीकडची आई दिसली, हेडफोनखाली दबलेले पांढरे केस, मांडीवर पर्स, आणि नजर. आपल्याला वाटलं होतं, आई आपल्याकडे कौतुकाने बघतेय. आई आपल्या हाताकडे बघत होती.

दारावर टकटक झाली. पुढच्या टेबलावर बसणाऱ्या बाई. अपॉइंटमेंटच्या वेळा त्या इतक्या काटेकोर सांभाळत की सगळे त्यांना मागे घड्याळबाई म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. "मॅडम, दोन वाजून चार मिनिटं झाली."

"आजचे बाकीचे उद्यावर टाका. मी निघतेय."

घड्याळबाईंनी चष्मा वर केला. "सातही?"

"सातही."

"काय सांगू त्यांना? तातडीचं काम निघालं म्हणून सांगते."

"नको. ते सांगू नका."

"मग काय सांगू? तेवढंच एक लोक मुकाट ऐकून घेतात."

"मॅडम आईकडे गेल्या म्हणून सांगा."

"तेवढंच?" घड्याळबाई म्हणाल्या. "बघा बुवा. विश्वास नाही ठेवणार कुणी."

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला जाणवलं की दिवसाच्या या वेळी शहर कसं दिसतं ते तिला माहीतच नव्हतं. दुकानांच्या पायऱ्यांवर ऊन होतं. पण मन बाहेर ठरत नव्हतं. आठवत होता तो आईचा कारखाना. लहान असताना ती डबा द्यायला जायची तेव्हा फाटकापर्यंत आवाज यायचा, हजारो सुया एकदम चालल्याचा, दगडांच्या पावसासारखा. आत बायका तोंडं हलवून बोलायच्या, आवाज न काढता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकमेकींच्या ओठांवरून सगळं कळायचं त्यांना, कुणाच्या सासूने काय केलं इथपर्यंत. घरीसुद्धा आई कधी कधी रस्त्यापलीकडून नुसते ओठ हलवायची, "दार लाव", आणि ती दार लावायची. म्हणून समोरासमोर कधी कळलं नाही. रविवारी ती आईसमोर बसून बोलायची, आणि आई वाचायची. आणि जेव्हा ती मोबाईलकडे बघत बोलायची, तेव्हा आई काय करत असेल? तेव्हा ती खिशातलं एक वाक्य काढून देत असेल.

आणखी एक आठवलं. आई कधी म्हणायची नाही की फार काम आहे. कारखान्यात एका बाईकडे ठरावीक मशीनं असायची, पण कुणी आलं नाही की तिचीही दुसरीकडे यायची. आई घरी येऊन चपला काढताना एवढंच सांगायची, "आज आठ होती." किंवा "आज सहाच." आठ म्हटलं की लेकीला कळायचं, आज काही मागायचं नाही, भांडी आपण घासायची. सहा म्हटलं की मांडीवर डोकं ठेवता यायचं. आकडा सांगितला की ऐकणाऱ्याला काहीतरी करता येत होतं. आपण आईला गेल्या कित्येक वर्षांत एकही आकडा सांगितला नाही, असं तिला वाटलं. कामाचा डोंगर सांगितला, डोक्यावरून पाणी गेल्याचं सांगितलं. डोंगराचं कुणी काय करावं? त्यावर बरं बरं म्हणण्याखेरीज ऐकू येणाऱ्या आईला तरी काय सुचलं असतं? आणि इथे ती खिडकीच्या दांड्याला धरून ताठ बसली. कारण तिला कळलं की फसवणूक इतके दिवस टिकली ती आईच्या हुशारीमुळे नाही. आपलं बोलणंच असं होतं की ते ऐकू न येताही त्याला उत्तर देता यावं.

दुसऱ्या मजल्यावर तिने बेल दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. रविवारी ती फोन करून यायची आणि आई दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभी असायची. तिला ते प्रेम वाटायचं. समोरचं दार उघडलं. शेजारी, विजेची कामं करणारा माणूस, हातात अर्धी खाल्लेली बिस्किटाची पुडी.

"ती बेल नका दाबू हो, ती बंदच आहे. खालचं पांढरं बटण दाबा."

तिने दाबलं. दाराच्या वरच्या काचेतून दिसलं, आत दिवा लागला, विझला, लागला.

"मीच बसवून दिला. दोन वर्षं झाली. हाका मारून मारून घसा बसायचा सगळ्यांचा." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्यांच्या लेक ना? कानांचं काम करता त्या?"

"हो," ती म्हणाली.

त्याने पुडीतलं एक बिस्कीट खाल्लं आणि सावकाश दार लावून घेतलं.

आईने दार उघडलं आणि तिचा चेहरा आधी आनंदला, मग घाबरला. "अगं, आज कशी? दुपारची? काय झालं?"

"काही नाही. आत चल." ती उजेडाकडे तोंड करून बसली, आणि आई समोर. पेशंटशी बोलताना बोलायची तसं, घाई न करता, ओठ नीट हलवत तिने विचारलं, "आई, तपासणीत तू माझ्या हाताकडे बघून बटण दाबत होतीस?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. "पहिल्या वर्षी थोडं ऐकू येत होतं," ती म्हणाली. "काही काही. मग येईना. मग बघितलं, तुझा हात एका चालीने हलतोय. मशीनसारखा. ती चाल मला कळते गं, आयुष्य गेलं त्यात."

"पण का?"

"तुझा डबा टेबलावर होता. उघडलेला नव्हता. तू सारखी घड्याळाकडे बघत होतीस. म्हटलं, लवकर संपलं तर पोरगी दोन घास खाईल."

"खाल्ले नाहीत मी."

"माहीत आहे. लगेच पुढच्याला बोलावलंस." आई थोडी हसली. "म्हटलं, पुढच्या वर्षी आणखी लवकर संपवू."

तिने आईच्या हातांकडे बघितलं. सुयांनी टोचून टोचून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. "आणि फोन? फोनवर काय ऐकू येतं तुला?"

"आवाज येतो. शब्द नाही येत." आईने असं सांगितलं की जणू त्यात सांगण्यासारखं काही नाही. "दीड वाजता फोन हातात घेऊन बसते. थरथरला की उचलते. तू आहेस एवढं कळतं. मध्ये थांबलीस की मी बोलते."

"आणि मी काही विचारलं असतं तर?"

"तू कधी विचारत नाहीस," आई म्हणाली. ती तक्रार नव्हती.

तिला भीती होती ती वेगळीच, आणि ती आईला सांगावी की नाही हे तिला कळेना. यंत्र लावलं की आवाज मोठा करता येतो. पण आवाज येणं आणि शब्द कळणं या दोन गोष्टी आहेत. फार दिवस शब्द कानावर पडले नाहीत की माणसाचं डोकं त्यांना ओळखायचं विसरत जातं, आणि मग कितीही भारी यंत्र आणलं तरी नुसता गोंगाटच मोठा होतो. तिने असे पेशंट पाहिले होते. यंत्र डबीत ठेवून देतात ते. तीन वर्षांत आईचं किती उरलं असेल? शेवटी तिने सांगितलं, सगळं, एकेक वाक्य थांबून. आईने शेवटपर्यंत तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही. मग उठली आणि म्हणाली, "सकाळी किती वाजता येऊ?"

सकाळी दवाखाना उघडायच्या तासभर आधी त्या दोघीच होत्या. तिने आईची खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली. आईने वळून बघितलं आणि परत फिरली. तिने पहिला स्वर सोडला आणि थांबली. हात मांडीवर ठेवला. किती थांबायचं ते तिने मोजलं नाही. आईच्या पाठीकडे, मानेच्या मागे सुटलेल्या दोन बटांकडे बघत राहिली. कधी बटणाचा दिवा लागायचा, बहुतेक वेळा लागायचा नाही. लाल रेघ खाली आली. निळी रेघ आणखी खाली, कागदाच्या तळाकडे.

मग शब्द. एका कानाला पंचवीस, आवाज वाढवून, जे कळेल ते परत म्हणायचं. डाव्या कानाला तिने माती, डोंगर, चाबूक म्हटलं, आणि काचेपलीकडून आई काहीच बोलली नाही. पंचविसातले सहा आले. तिने हेडफोनची बाजू बदलली. "पाटी," ती म्हणाली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं. "पाटी," आईचा आवाज आला. "गवत." "गवत." "कुलूप." "नाही आलं," आई म्हणाली. तिने हे वाक्य आईच्या तोंडून यापूर्वी कधीच ऐकलं नव्हतं. तिने खूण केली आणि पुढचा शब्द घेतला. पंचविसातले सतरा. तिने आकडा दोनदा मोजला. तीन वर्षांपूर्वी किती आले असते, बावीस की चोवीस, डाव्याचे किती वाचले असते, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. त्या जागी फक्त तिच्या सहीचे तीन खोटे कागद होते. पण सतरा होते. सतरावर यंत्र काम करतं.

ती दार उघडं ठेवून खोलीत गेली, आईसमोर स्टूल ओढून बसली आणि कागद दाखवला. "डाव्यात सहा. उजव्यात सतरा. उजव्याला यंत्र लावू, नीट कळेल. डाव्याला लावून बघू, पण त्याचं मी काही सांगत नाही."

"सतरा म्हणजे पास?"

"पास."

आईने कागद हातात घेऊन दूर धरला, जवळ धरला. मग मांडीवर ठेवून त्यावर तळहात फिरवला, सुरकुती नसताना. "एक विचारू?" ती म्हणाली. "इतके दिवस रोज फोन करत होतीस. मी नुसती हो हो करत होते. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, पोरीने आज काय सांगितलं असेल? आपलं काय काय राहून जात असेल?" तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं, तयारीने, शब्द निसटू नये म्हणून पुढे झुकून. "आता सांग. काय काय सांगितलंस तू?"

ती आठवू लागली. तीन वर्षं, रोज सात मिनिटं. एखादी तरी दुपार, एखादी तरी गोष्ट, जी फक्त आईला सांगितली. कालची चक्कर सोडली तर काही सापडेना; ती मागे मागे गेली, आणि प्रत्येक दुपारच्या जागी तेच सापडत गेलं, शब्दसुद्धा तेच. आई वाट बघत होती. अशी वाट बघणाऱ्या चेहऱ्यासमोर खोटं बोलणं अवघड असतं.

"काही नाही राहिलं, आई," ती म्हणाली. "मी काही सांगितलंच नाही. परवापर्यंत रोज एवढंच सांगत होते, की मला खूप काम आहे."

आईने ते वाचलं. परत वाचल्यासारखं तिच्या ओठांकडे आणखी क्षणभर बघितलं. "तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

आईच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ती मागे टेकून बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, सुटका होती, थोडी मिस्कील. "म्हणजे मी काही फार मागे नाही पडले म्हणायचं," ती म्हणाली. "मी आपली उगाच जीव जाळत होते."

दोघी हसल्या. लेकीचं हसणं मध्येच फुटलं, आणि आईने ते ऐकलं नाही, पण बघितलं, आणि हात पुढे करून तिच्या गुडघ्यावर ठेवला. बाहेर दाराचा आवाज झाला, घड्याळबाई आल्या, खुर्च्या सरकल्या. तिने तिकडे मान वळवली नाही. मान वळवली असती तर ओठ दिसले नसते.

"मग आता सांग," आई म्हणाली.

तिने तोंड उघडलं. सवयीचं वाक्य जिभेवर आधी आलं, ते तिने गिळलं. त्याच्यामागे काही आहे का, हे तिला लगेच कळेना. आई थांबली. तिला काही घाई नव्हती.

"काल जिन्यात चक्कर आली मला. मला हल्ली भीती वाटते," ती म्हणाली.

"कशाची?" आईने विचारलं.